नो-व्होल्ट कॉइल भरण्याच्या यंत्रासाठी बायपोलर स्टेपरचा ड्रायव्हर : दोन जळाले, तिसरा कोणता घ्यावा?

तार_आणि_वेढे

नमस्कार. दारव्हा तालुक्यातील एका बाजाराच्या गावात माझे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. ओलिताचे दिवस सुरू झाले, म्हणजे हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी लागले, की पंपाच्या मोटारींपेक्षा स्टार्टरच्या नो-व्होल्ट कॉइलच (स्टार्टरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे चुंबकी स्विच, ओढून धरणारी कॉइल) माझ्याकडे जास्त येतात. रात्रीच्या पाळीत लाईन येते, व्होल्टेज कमी असते, त्यामुळे कॉन्टॅक्टर पूर्ण बसत नाही, नुसता घरघरत राहतो, आणि लोखंडातील फट उघडी राहिल्यामुळे कॉइल नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढून काळी पडते. प्रत्येक मेकची नवी कॉइल तालुक्याला मिळतेच असे नाही, म्हणून ३८ गेजच्या एनॅमल तारेने मी ती पुन्हा भरतो. हजारो वेढे मोजायचे आणि तार चिमटीत धरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवत न्यायची, हे काम आता माझ्या डोळ्यांना झेपत नाही.

त्यामुळे तार सरकवणारा गाइड स्टेपर मोटारीवर, म्हणजे ठरावीक टप्प्यांनी (स्टेपनी) फिरणाऱ्या मोटारीवर, चालवण्याचे ठरवले. तिला प्रोग्रामप्रमाणे करंट देणारा बोर्ड म्हणजे ड्रायव्हर. मोटार नेमा १७ आहे, चार तारांची आहे, लेबलवर १.५ अँपिअर लिहिलेले आहे आणि मीटरवर प्रत्येक कॉइल २.२ ओहम दाखवते. तिला जोडलेला स्क्रू एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकतो. आर्डुइनो युनो या छोट्या कंट्रोलर बोर्डमध्ये प्रोग्राम माझ्या भाच्याने भरून दिला. लाईटचा भरवसा नसल्यामुळे सगळे ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालवतो. बॅटरी अंगणात असते आणि तिथून तीन-साडेतीन मीटरची वायर दुकानात आणलेली आहे.

पहिल्यांदा एल२९८एन चे लाल मॉड्यूल लावले. मोटार फिरली, पण दहा मिनिटांत मॉड्यूलच्या ॲल्युमिनियमला बोट लावता येईना आणि अर्ध्या तासात ते कायमचे गेले. मग ए४९८८ ची जोडी मागवली. त्यातील पहिल्यावर मोटार जागीच थरथरत राहिली, फेरा काही घेईना. एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे त्याचा स्क्रू ०.४ व्होल्टवर ठेवला होता. तारा बदलून पाहत असताना एक बारीक ठिणगी पडली आणि तोही गेला. एक शिल्लक आहे. तो जाळण्यापूर्वी विचारावे म्हणून हा धागा काढला. तोच वापरावा की सरळ दुसऱ्या जातीचा ड्रायव्हर घ्यावा?

थ्रीडी_पोरगा

काका, एल२९८एन स्टेपरसाठी विसरूनच जा. टीएमसी२२०९ घ्या, थ्रीडी प्रिंटरमध्ये आता बहुतेक तोच असतो. मोटार चालू आहे की बंद, हे आवाजावरून कळतसुद्धा नाही.

निदेशिका

ड्रायव्हर बदलण्याआधी पहिले दोन का गेले हे समजून घेतलेले बरे, नाहीतर टीएमसीसुद्धा त्याच वाटेने जाईल. मी आयटीआयमध्ये वायरमन आणि इलेक्ट्रिशियनच्या मुलांना शिकवते, आणि रिवाइंडिंग चांगले येणाऱ्या मुलांचीच स्टेपरच्या बाबतीत हमखास फसगत होते, असा माझा अनुभव आहे. त्यांचे ज्ञान बरोबर असते, पण इथे ते उलटे लावावे लागते.

भाऊ, पंपाच्या मोटारीला आपण ४१५ व्होल्ट देतो आणि किती करंट घ्यायचा हे मोटार स्वतः ठरवते. रोटर वेगात आला की विरोधी व्होल्टेज उभे राहते आणि करंट आटोक्यात येतो; रोटर जाम झाला तर तीच मोटार सहा-सात पट करंट ओढते आणि वेळेत ओव्हरलोड पडला नाही तर आपल्या दुकानात येते. उभी असलेली स्टेपर ही कायमची जाम झालेली मोटार समजा. शिवाय तिला मिळते ते डीसी, म्हणून तारेच्या २.२ ओहमखेरीज करंटला अडवणारे तिथे काहीच नसते. १२ व्होल्टला २.२ ने भागले तर साडेपाच अँपिअर येतात, आणि आपल्या मोटारीला हवा आहे दीड.

एल२९८एन मध्ये दोन एच-ब्रिज असतात. प्रत्येक ब्रिज आपल्या कॉइलमधील करंटची दिशा उलटसुलट करतो, आणि बायपोलर मोटारीला नेमके तेच लागते. मात्र करंट किती जावा हे त्या लाल मॉड्यूलवर कोणीच पाहत नाही. त्या चिपमध्ये करंट मोजण्यासाठी पाय (पिना) काढलेले असतात, पण मॉड्यूलवर ते बहुधा सरळ ग्राउंडला जोडून टाकलेले असतात. चिपची मर्यादा एका ब्रिजला २ अँपिअर. तेवढ्या करंटला तिच्या ट्रान्झिस्टरमध्येच ४.९ व्होल्टपर्यंत खर्ची पडू शकतात. ते वजा करूनसुद्धा आपल्या कॉइलमधून तीन अँपिअरच्या वर करंट जाऊ पाहत होता. दोन्ही ब्रिज मिळून पंधरा-वीस वॅट उष्णता ॲल्युमिनियमच्या त्या एवढ्याशा पट्ट्यांमधून बाहेर पडणे शक्य नव्हते. ही जुनी चिप छोट्या डीसी मोटारीला किंवा जास्त ओहमच्या स्टेपरला आजही चालते; कमी ओहमच्या मोटारीला चालत नाही.

ए४९८८, डीआरव्ही८८२५, टीएमसी२२०९, डीएम५४२ ही सगळी मंडळी वेगळ्या पद्धतीने काम करतात. ती कॉइलवर पूर्ण व्होल्टेज सोडतात, करंट ठरवलेल्या आकड्याला पोहोचला की पुरवठा तोडतात, काही मायक्रोसेकंद थांबून पुन्हा जोडतात, आणि हे सेकंदाला हजारो वेळा चालते. म्हणून या ड्रायव्हरला आपण व्होल्टेज ठरवून देत नाही, करंट ठरवून देतो. व्होल्टेजचे काम एवढेच, की त्या करंटपर्यंत कॉइलला किती लवकर पोहोचवायचे.

तार_आणि_वेढे

मॅडम, हे वाचून बरीच जळमटे दूर झाली, आभारी आहे. एक शंका राहते. १.५ गुणिले २.२ म्हणजे ही मोटार ३.३ व्होल्टची झाली. तिला १२ दिले तर चालते, आणि वर कोणी २४ सुद्धा द्या म्हणतो. ३.३ व्होल्टच्या कॉइलवर २४ व्होल्ट दिल्यावर इन्सुलेशनला काही होणार नाही का? माझ्या धंद्यात एवढा फरक म्हणजे कॉइलचा कोळसा.

निदेशिका

इन्सुलेशन व्होल्टेजने फुटायला इथे शेकडो व्होल्ट लागतील, २४ ने त्याला काही होत नाही. आपल्याकडे कोळसा होतो तो उष्णतेने, आणि उष्णता येते करंटच्या वर्गाने. करंट बांधलेला असेल तर १२ काय आणि २४ काय, उभ्या मोटारीच्या तांब्यात तेवढेच वॅट जळतात. फरक पडतो तो वेगात. कॉइलला इंडक्टन्स असतो, त्यामुळे करंट एकदम चढत नाही. वेग वाढला की प्रत्येक स्टेपला मिळणारा वेळ कमी होतो, करंट पूर्ण चढण्याआधीच दिशा बदलण्याची वेळ येते आणि मोटारीची ताकद गळते. व्होल्टेज जास्त दिले की तोच करंट लवकर चढतो, म्हणून लेथ आणि राउटरवाले २४, ३६, ४८ व्होल्टच्या मागे असतात. आपल्या गाइडला किती वेग लागतो याचा हिशेब करा, कदाचित १२ व्होल्ट पुरून उरतील.

आता त्या ०.४ व्होल्टविषयी. ए४९८८ च्या चिपशेजारी दोन काळे, लहान रेझिस्टर असतात. त्यांच्यावर आर१००, आर०६८ किंवा आर०५० असे छापलेले असेल, म्हणजे ०.१, ०.०६८ किंवा ०.०५ ओहम. करंट मिळतो तो व्हीरेफला, म्हणजे स्क्रू फिरवून ठेवलेल्या व्होल्टेजला, त्या रेझिस्टरच्या आठपटीने भागून. आर०५० असेल तर ०.४ व्होल्टला १ अँपिअर. आर१०० असेल तर त्याच ०.४ व्होल्टला केवळ अर्धा अँपिअर. व्हिडिओ करणाऱ्याचे मॉड्यूल आणि आपले मॉड्यूल एकाच कारखान्यातील असेलच असे नाही. भिंग लावून आकडा वाचा आणि मगच स्क्रू फिरवा. डीआरव्ही८८२५ ला आठऐवजी पाचपट धरावी लागते, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याला लावणे म्हणजे जिऱ्याच्या मापाने गहू मोजणे.

जिनिंगवाला

मी हिंगणघाटकडे जिनिंगच्या पॅनेलची कामे करतो. मॅडमनी करंटचे सांगितले ते पटले, पण मोटार थरथरते आणि फेरा घेत नाही, हे लक्षण मला आधी तारांच्या जोड्या चुकल्याचे वाटते. चार तारांत दोन कॉइल असतात. एका कॉइलची एक तार आणि दुसऱ्या कॉइलची एक तार मिळून ड्रायव्हरच्या एकाच ब्रिजवर गेली, तर नेमके असेच होते. तारांचे रंग सगळ्या कारखान्यांत सारखे नसतात, म्हणून लाल-निळा, काळा-हिरवा असे ऐकून जोडू नये. भाऊ, आपण जोड्या कशा शोधल्या?

तार_आणि_वेढे

सांगायला लाज वाटते, पण सवयीप्रमाणे सिरीज दिव्यावर, म्हणजे लाईनमध्ये दिवा घालून तो पेटतो का ते पाहून, शोधल्या.

जिनिंगवाला

वाटलेच होते! २३० व्होल्टचा सिरीज दिवा पंपाच्या स्टेटरला ठीक आहे, या बारक्या मोटारीला नको. दिवा १०० वॅटचा असला तर अर्ध्या अँपिअरच्या आत करंट गेला असेल, त्यामुळे कॉइल वाचली असावी. तरीही एसीवर असे खेळू नये. शिवाय मोकळ्या तारांमध्ये बोट लागले तर दिवा नव्हे, आपणच पेटायचो.

सोपी रीत अशी आहे. मोटार सगळ्यापासून सोडवावी आणि दोन तारा एकमेकींना जोडून शाफ्ट बोटांनी फिरवून पाहावा. शाफ्ट एकदम जड झाला, अडखळत फिरू लागला, तर त्या दोन तारा एकाच कॉइलच्या. सहज फिरला तर वेगळ्या कॉइलच्या. मीटर नसलेला माणूससुद्धा हे करू शकतो. जोड्या मिळाल्या की एक जोडी पहिल्या ब्रिजला, दुसरी दुसऱ्याला लावावी. मोटार उलटी फिरली तर कोणत्याही एकाच जोडीच्या दोन तारा अदलाबदल कराव्यात.

आणि ती ठिणगी. ड्रायव्हर चालू असताना मोटारीची तार कधीही सोडू नये, सैल जोडसुद्धा ठेवू नये. कॉइलमधील करंट अचानक तोडला की ती उसळी मारते, हे स्टार्टर दुरुस्त करणाऱ्याला मी काय सांगावे. ती उसळी चिपवर येते. पिळून ठेवलेला जोड आणि ए४९८८ यांचे जमत नाही. स्क्रूचा कनेक्टर वापरा किंवा सोल्डरचा डाग द्या.

तार_आणि_वेढे

जोडी खरोखरच चुकलेली होती. सिरीज दिव्यावर बरोबर सापडली होती, पण पट्टीवर लावताना माझ्याकडून दोन तारा उलटसुलट गेल्या. आपण म्हणालात त्याप्रमाणे शाफ्ट फिरवून पाहिला आणि लगेच कळले. रेझिस्टरवर आर१०० आहे. व्हीरेफ ०.८ वर आणला, म्हणजे १ अँपिअर. मोटार आता फिरते.

मात्र टोंग टेस्टरने (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरने) मोटारीच्या तारेत करंट पाहिला तर शून्य दाखवतो. मग बॅटरीच्या वायरमध्ये मीटर घातला, तिथे जेमतेम ०.३ अँपिअर आले. म्हणजे १ अँपिअर पोहोचतच नाही, असे समजून व्हीरेफ आणखी वाढवू का?

निदेशिका

थांबा, मुळीच वाढवू नका! आपला टोंग टेस्टर एसीचा आहे, त्याला डीसी दिसत नाही. आणि बॅटरीच्या वायरमधील आकडा कॉइलचा आकडा नव्हे. ड्रायव्हर १२ व्होल्टचे तुकडे करून देतो, त्यामुळे बॅटरीकडून तो थोडा करंट जास्त व्होल्टेजने घेतो आणि कॉइलला जास्त करंट कमी व्होल्टेजने देतो; ट्रान्सफॉर्मरची आठवण ठेवा. ए४९८८ दोन्ही कॉइल एकाच वेळी पूर्ण करंटवर कधी नेत नाही, एक चढते तशी दुसरी उतरते. म्हणून १ अँपिअरच्या सेटिंगला आपल्या दोन्ही कॉइलच्या तांब्यात मिळून २.२ वॅटच जळतात. त्यात चिपचा स्वतःचा खर्च एखादा वॅट धरा आणि बेरजेला १२ ने भागा. ०.३ च्या आसपास येते की नाही?

खात्री करायची असेल तर सगळे बंद करून एका कॉइलच्या तारेत मीटर डीसी अँपिअरवर ठेवून घट्ट जोडा, मायक्रोस्टेपचे (एका स्टेपचे बारीक भाग पाडण्याचे) तिन्ही पाय मोकळे सोडा म्हणजे ड्रायव्हर फुल स्टेपवर येईल, आणि मग चालू करा. मोटार उभी असताना ०.७ अँपिअर दिसेल. फुल स्टेपमध्ये प्रत्येक कॉइलला ठरवलेल्या करंटच्या सुमारे ७० टक्केच मिळतात, म्हणून ०.७ दिसणे म्हणजे १ अँपिअर बरोबर बसणे.

आणखी एक विचारायचे राहिले. मॉड्यूलच्या मोटार पुरवठ्याच्या पायांवर कपॅसिटर लावला आहे का?

तार_आणि_वेढे

नाही. बॅटरीचे शुद्ध डीसी आहे, त्याला कपॅसिटर कशाला, असा विचार केला.

निदेशिका

गाळण्यासाठी नव्हे, झटका पचवण्यासाठी तो लागतो. मॉड्यूलवर बारीक सिरॅमिक कपॅसिटर असतात. साडेतीन मीटर वायरचा इंडक्टन्स आणि ते कपॅसिटर यांची जोडी जमली की बॅटरीचा चिमटा लावताच व्होल्टेज क्षणभर मूळच्या दुपटीच्याही वर उसळू शकते. ए४९८८ ची हद्द ३५ व्होल्ट. बॅटरी तर यात एसएमपीएसपेक्षा (लाईटवर चालणाऱ्या डीसी पुरवठ्याच्या डब्यापेक्षा) वाईट, कारण ती करंट द्यायला मागेपुढे पाहत नाही. १०० मायक्रोफॅरडचा, ५० व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक अगदी मॉड्यूलच्या पायांजवळ लावा, धन-ऋण पाहून. आपला पहिला ए४९८८ तार सोडताना गेला असे आपण धरतो आहोत, पण तो आधीच अर्धमेला झालेला असणेही शक्य आहे.

थ्रीडी_पोरगा

मॅडमचे सगळे मान्य, तरी माझे टीएमसीचे मत कायम आहे. ए४९८८ ला जास्तीत जास्त १/१६ मायक्रोस्टेप मिळतो आणि कमी वेगात मोटार गुरगुरते, ती थरथर गाइडमधून तारेपर्यंत जाणार. टीएमसी२२०९ आतल्या आत प्रत्येक स्टेपचे २५६ भाग करून करंट गुळगुळीत चढवतो. ३८ गेजची तार केसासारखी असते, तिला धक्का नको.

जिनिंगवाला

आमच्याकडे टिनाच्या शेडमध्ये मे महिन्यात बाहेरचे तापमान ४५ अंश असते, पॅनेलच्या आत त्याहून जास्त. त्यात हवेत कापसाचे तंतू. नखाएवढ्या चिपवर चिकटवलेल्या हीटसिंकच्या फटींमध्ये तो कापूस असा बसतो, की आठवड्याने पाहावे तर गादी तयार. माझ्या अनुभवात उघडे छोटे बोर्ड अशा जागी टिकत नाहीत. बंद डब्यातील डीएम५४२ बसवा आणि विसरून जा. करंट निवडायला खटके आहेत, पेचकस फिरवून व्होल्ट मोजण्याची भानगड नाही, इनपुट ऑप्टोने (प्रकाशातून सिग्नल नेणाऱ्या भागाने) वेगळे केलेले असतात, आणि चौथा खटका बंद ठेवला की मोटार थांबल्यावर करंट आपोआप अर्धा होतो. फक्त डब्यावरील तक्त्यात पीक (कमाल) आणि आरएमएस (उष्णतेच्या हिशेबाचा प्रभावी करंट) असे दोन रकाने असतात. १.४६ अँपिअर पीक म्हणजे १.०४ आरएमएस, त्यामुळे कोणता रकाना वाचतो आहोत याकडे लक्ष ठेवावे.

टीबी६६०० नावाने जे स्वस्त डबे येतात, त्यांच्याबद्दलही सांगून ठेवतो. तोशिबाची खरी टीबी६६००एचजी चिप १/१६ पर्यंतच मायक्रोस्टेप देते. डब्यावर १/३२ छापलेले असेल तर आत बहुधा टीबी६७एस१०९ असते. ती चिप वाईट नाही, पण आपण काय वापरतो हे माहीत असावे.

थ्रीडी_पोरगा

भाऊ, डीएम५४२ ला किमान २० व्होल्ट लागतात. काकांची बॅटरी १२ ची आहे, तिच्यावर तो सुरूच होणार नाही.

जिनिंगवाला

बरोबर, ते माझ्या लक्षात आले नाही. मग २४ व्होल्टचा एसएमपीएस घ्यावा लागेल, आणि लाईट गेली की काम बंद. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावता येतील, पण मग तुझ्या टीएमसी२२०९ ची अडचण होईल, कारण त्याची हद्द २९ व्होल्ट आहे आणि चार्जिंगवर असलेली २४ ची जोडी २८.८ पर्यंत जाते. एवढ्या काठावर मी तरी कोणती चिप ठेवणार नाही. डीएम५४२ ला ५० पर्यंत काही होत नाही. एका डीएम५४२ च्या पैशांत दहा-बारा ए४९८८ येतात, हेही खरे.

धुऱ्यावरचा

मध्येच विचारतो, विषय तोच आहे म्हणून. माझ्याकडे भंगारात मिळालेल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची सहा तारांची स्टेपर आहे. ती ए४९८८ वर चालेल का?

निदेशिका

चालेल. सहा तारांत प्रत्येक कॉइलच्या मधोमध एक टॅप काढलेला असतो. मीटरवर ज्या दोन तारांमध्ये सर्वांत जास्त ओहम येतील ती त्या कॉइलची टोके, आणि दोन्हींपासून निम्मे ओहम दाखवणारी मधली. दोन्ही मधल्या तारा वेगवेगळ्या टेप गुंडाळून मोकळ्या सोडा आणि टोके बायपोलरसारखी जोडा. पूर्ण वेढे वापरल्यामुळे करंट लेबलवरील आकड्याच्या सुमारे ७० टक्के ठेवा. पाच तारांच्या मोटारीत दोन्ही टॅप आतच एकत्र केलेले असतात, तो जोड कापल्याशिवाय ती बायपोलर होत नाही.

तार_आणि_वेढे

सर्वांचे वाचून मी सध्या काहीच विकत घेतलेले नाही. आहे तोच ए४९८८ ठेवला, कपॅसिटर लावला, जोडांना डाग दिले आणि कॉइलमध्ये मीटर घालून पाहिले. ०.६९ आले. म्हणजे इतके दिवस दोष ड्रायव्हरच्या जातीत मी शोधत होतो आणि तो माझ्या जोडणीत होता.

वेगाचा हिशेब असा केला. ३८ गेजची तार उघडी ०.१५२ मिलिमीटर असते, पण एनॅमलची जाडी रिळागणिक बदलते, म्हणून मी पुस्तकातील आकडा धरत नाही. सळईवर ५० वेढे चिकटून घातले, त्यांची रुंदी ९ मिलिमीटर भरली, म्हणजे एका वेढ्याला ०.१८. माझ्या स्क्रूवर एका फुल स्टेपला गाइड ०.०४ मिलिमीटर सरकतो, त्यामुळे एका वेढ्याला साडेचार स्टेप आल्या, आणि साडेचार काही देता येत नाही. १/८ मायक्रोस्टेप केल्यावर एक भाग ०.००५ चा झाला आणि एका वेढ्याला नेमके ३६ भाग आले. मिनिटाला ६०० वेढे भरले तरी सेकंदाला ३६० मायक्रोस्टेप होतात. भाचा म्हणतो की त्याच्या प्रोग्रामची लायब्ररी युनोवर सेकंदाला सुमारे ४००० पर्यंत जाते, तेव्हा त्या बाजूनेही काळजी नाही.

सुरुवातीला स्पिंडलवर (कॉइल फिरवणाऱ्या दांड्यावर) वेढे मोजायला एकच चुंबक लावला होता, म्हणजे वेढा पूर्ण झाला की गाइड एकदम ३६ भाग उडी मारत असे आणि तार त्या जागी आडवी पडत असे. आता ३६ छिद्रांची चकती बसवली आहे, एका छिद्राला एक मायक्रोस्टेप. थर इतका सारखा बसतो की हाताने मला कधी जमला नव्हता. मोटार तासभर चालवून हात लावला, चहाच्या कपाइतकी गरम होती. लेबलवर इन्सुलेशन क्लास बी आहे, म्हणजे वेढ्यांना १३० अंशांपर्यंत मुभा, त्यामुळे ती चिंता नाही. मॉड्यूल जुन्या स्टार्टरच्या डब्यात उभे बसवले आहे आणि हवेच्या छिद्रांवर बारीक जाळी लावली आहे. आमच्याकडेही कापूस उडतोच.

एक दोष राहिला आहे. थर संपून गाइड परत फिरतो तिथे कडेला दहा-बारा वेढे एकावर एक चढतात आणि फुगवटा येतो. थर वाढतील तसा तो वाढतो.

थ्रीडी_पोरगा

तो स्क्रू आणि नटमधील ढिलेपणा आहे काका. दिशा बदलल्यावर मोटार लगेच फिरते, पण नट दुसऱ्या बाजूला टेकेपर्यंत गाइड जागीच असतो. गाइडला डायल गेज लावा, नाहीतर चिमटीत कागद धरून पाहा, आणि उलट फिरवताना किती मायक्रोस्टेप फुकट जातात ते मोजा. तेवढे प्रत्येक वळणावर प्रोग्राममध्ये जादा द्यायचे. स्प्रिंगचा दुहेरी पितळी नटही मिळतो, तो बसवला तर मोजायचीही गरज राहत नाही.

निदेशिका

आणि मध्येच तार तुटली किंवा जेवायला उठलात, तर ड्रायव्हरचा एनेबल पाय बंद करू नका. बंद केला की मोटार सैल पडते आणि जवळच्या एखाद्या दाताशी जाऊन बसते. पुन्हा चालू केल्यावर गाइड नेमका त्याच जागी येईल याची शाश्वती नसते. कॉइल पूर्ण झाल्यावरच बंद करा आणि नवी कॉइल सुरू करताना गाइड कडेच्या लिमिट स्विचला टेकवून मोजणी शून्यापासून घ्या.

तार_आणि_वेढे

मोजले. ६४ मायक्रोस्टेप वाया जात होते, म्हणजे ०.३२ मिलिमीटर. तेवढे वळणावर वाढवले, तरी दोन-चार वेढे चढतच होते, म्हणून गाइड कडेपासून अर्धी तार अलीकडेच वळवला आणि फुगवटा गेला. काल भरलेली कॉइल आज एका बोअरवेलच्या स्टार्टरमध्ये बसवून दिली, कॉन्टॅक्टर न घरघरता बसला. स्प्रिंगचा नट मागवला आहे, तो आला की आकडा पुन्हा मोजून इथे देतो. प्रोग्राम भाच्याकडे आहे, तो रविवारी गावी आला की तोही टाकतो.

धुऱ्यावरचा

प्रोग्राम नक्की टाका. माझ्या सहा तारांपैकी मधल्या दोन सापडल्या, टोकांमध्ये ३४ ओहम येतात.

निदेशिका

३४ ओहम असेल तर १२ व्होल्टवर तिच्यातून ०.३५ अँपिअरच्या वर करंट जाणारच नाही. तिला तो जुना एल२९८एन सुद्धा पुरेल.